चार टोले, मग दोन

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. हे वाचून तुम्हाला वाटेल, फार सभ्य घर असेल. तसलं काही नव्हतं. माझे बाबा नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनवर होते. दिवसभर सागाचे ओंडके चिरून चिरून त्यांचे कान कामातून गेले होते, आणि ते नुसतं ‘मीठ दे’ म्हणाले तरी ते तीन घरं पलीकडे कळायचं. पण आईनं आवाज चढवलेला मी उभ्या जन्मात ऐकला नाही. आम्ही पोरं रस्त्यावर खेळत असलो आणि तिला हवे असलो की ती शेगडीपाशी बसल्या बसल्या भाताच्या गंजावर, म्हणजे खोल पातेल्यावर, पळी वाजवायची. एक टोला, जरा थांबून आणखी एक, म्हणजे माझा थोरला भाऊ मिलिंद. एक टोला, थांबून दोन, म्हणजे मी. वस्तीतल्या बाया हसायच्या. “अनुसया पोरायले बोलावून राहिली का भांडे विकून राहिली वं?” असं म्हणायच्या. आई ऐकून घ्यायची आणि पुन्हा वाजवायची. दुसऱ्यांदा वाजवायला लागलं की मग मात्र पळी गंजावर पडत नसे, पाठीवर पडे.

शेगडी भुशाची होती. बाबा कारखान्यातून पोतंभर भुसा आणायचे. मधोमध बाटली उभी धरून तो ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालून पेटवायचं. एकदा पेटली की दोन-अडीच तास मंद जळत राहायची आणि घरभर सागाचा वास. त्या शेगडीवरची आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर ज्यानं खाल्ली नाही त्याच्याशी मी जेवणावर वाद घालत नाही. आता मी मनीषनगरात राहते, सहाव्या मजल्यावर, आणि सूनबाई आंबाडी आणते ती प्लास्टिकच्या पाकिटातून निवडून आलेली. चांगली मुलगी आहे. मी गप्प खाते.

तर ही टोल्यांची सवय आईनं शाळेतून आणली होती. आमची शाळा सिस्टरांची. दर्शनी दगडी इमारतीत इंग्रजी माध्यम, मागच्या बैठ्या कौलारू इमारतीत आमचं मराठी, आणि दोन्हींच्या मधे सिस्टरांचं राहतं घर. आई तिथं घंटा द्यायची. घंटा दोन होत्या. शाळेची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी दांड्यानं टोले द्यायचे, तास संपला की एक, सुट्टीला लांबच लांब. दुसरी घंटा सिस्टरांच्या व्हरांड्यात होती, पितळी, नारळाएवढी, दोरीची. ही माणसांना बोलवायची घंटा. सिस्टरांच्या घरात ओरडायचं नाही असा नियम. मग कुणी भेटायला आलं, त्यांच्या दवाखान्यात कुणाची गरज लागली, फादर आले, तर त्या आठ-दहा जणींपैकी नेमकी एक कशी बोलवायची? म्हणून प्रत्येक सिस्टरचे टोले ठरलेले. तीन-एक वाजले की सिस्टर मोनिका शिवणवर्गातून उठणार. दोन-दोन वाजले की दुसरी कुणी. बाकीच्या मानही वर करत नसत. आई त्याला ‘आवाज’ म्हणायची. सिस्टर मोनिकाचा आवाज तीन-एक. सर्वांच्या वर असलेल्या मदर सुपीरियरचा आवाज एक-एक. म्हणजे आमच्या घरात मिलिंद मदर सुपीरियर होता, आणि हे त्याला कळलं तेव्हा तो मिशा ठेवून होता.

एक गोष्ट सांगून टाकते, कारण लोक विचारतातच. आम्ही दीक्षेच्या वर्षी बौद्ध झालेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि आई राबायची क्रुसाच्या घरात. शेजारपाजारचे कुजबुजायचे की आज नाहीतर उद्या अनुसयाला बाटवतील. आई म्हणायची, “आमी एकदा बदललो, मनानं बदललो. आता पुन्हा पुन्हा कायले बदलायचं, साडी हाये का?” आणि खरं सांगायचं तर सिस्टरांनी तिला कधी विचारलंही नाही. दर शुक्रवारी त्या प्रार्थनेसाठी पातळ पांढऱ्या गोल चकत्या लोखंडी साच्यात भाजायच्या. गोल कापून उरलेली कात्रणं आम्हा पोरांना मिळायची. आम्ही त्यांना पापड म्हणायचो आणि लाल तिखट लावून खायचो. ते पाहून एक नवीन सिस्टर रडकुंडीला आली होती म्हणतात.

मी दहावीत गेले त्या वर्षी शाळेला पंचवीस वर्षं होणार होती. मंडप, बिशपसाहेब, स्मरणिका, सगळं ठरलं. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना. केरळच्या, उंच, इस्त्रीची घडी न मोडणाऱ्या. त्यांच्या तोंडी दोन शब्द कायम, ‘सिस्टीम’ आणि ‘रूल’. त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, रौप्यमहोत्सवाच्या दिवशी शाळेत विजेची घंटा सुरू होईल, बटण बिशपसाहेब दाबतील. सिस्टरांच्या घरातही प्रत्येक खोलीत बझर बसणार. दोन, स्मरणिकेत शाळेचा इतिहास छापायचा. इतिहास लिहायचं काम मराठी विभागात कुणाकडे? माझ्याकडे. माझं अक्षर मोत्यासारखं होतं आणि मराठीत मी पहिली होते. हे मी नम्रपणे सांगत नाही, तशी मला सवय नाही.

पण इतिहास होता कुठे? पहिल्या मदर रोज एका वहीत घरचा वृत्तांत लिहायच्या, त्यांच्या युरोपातल्या गावच्या भाषेत. त्या वह्या कोठीतल्या लाकडी पेटीत होत्या. पेटी उघडली तर आत वाळवीनं मातीची वारुळं केलेली. वरचे पुठ्ठे शाबूत, मधे काही नाही. परदेशातल्या मुख्य घराला पत्र गेलं, उत्तर आलं नाही. पहिल्या चार सिस्टरांपैकी एकच उरली होती, सिस्टर अ‍ॅग्नेस. ती व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून वेदीवरच्या कापडांच्या घड्या घालायची. तिला विचारलं की तुमच्याबरोबर कोण कोण आलं, तर ती आपल्या लहानपणच्या मैत्रिणींची नावं सांगायची, कधी आपल्या गायींची. बोलायची मात्र आमच्या वस्तीची भाषा, कारण मराठी ती वस्तीतल्या बायांकडूनच शिकली होती. गोरीपान, निळ्या डोळ्यांची म्हातारी, आणि “काहून वं पोरी, जेवली का?” असं विचारायची. नवीन माणसाला भोवळच यायची.

मी घरी येऊन बडबडले की इतिहासाला वाळवी लागली, आता लिहू काय. आई भाकरी थापत होती. म्हणाली, “माह्यापाशी हाये ना.” मला वाटलं, गंमत करतेय. आईला अक्षर येत नव्हतं. पंचवीस वर्षं शाळेत काढून निरक्षर राहिलेली बाई म्हणजे माझी आई. सिस्टरांनी दोनतीनदा बसवलं होतं तिला पाटी घेऊन, पण मधेच तासाची वेळ व्हायची आणि घंटा द्यायला उठावं लागायचं. ते मला आजही सलतं. पण त्या संध्याकाळी तिनं पळी घेतली, गंज पुढे ओढला, आणि तीन-एक वाजवले. म्हणाली, “लिही. तीन-एक. पहिली सिस्टर ल्युसिया. झगा घालून सायकल चालवे, गटारात पडली होती, मीच काढली बाहेर. चार पावसाळे राहिली, मग अमरावतीले गेली. तिच्या मागून तीन-एक आला सिस्टर मोनिकाले. तिनं पहिला गणवेश शिवला, निळ्या पडद्याचं कापड उरलं होतं त्याचा. म्हणून आपला गणवेश निळा.” मी पेन्सिल शोधायला धावले.

असं होतं ते. एखादी सिस्टर बदलून गेली की तिचे टोले नव्या आलेल्या सिस्टरला मिळायचे, आणि कुठला आवाज मोकळा आहे हे सांगणारी एकटी आई, कारण घंटा तिच्या हातात. तिच्या डोक्यात सगळी साखळी होती. मी आलेखाच्या कागदावर चौकटी आखल्या. पहिले टोले एक ते चार, दुसरे एक ते तीन, म्हणजे बारा घरं. प्रत्येक घरात एकाखाली एक नावं भरत गेले. दोन-दोनच्या घरात सिस्टर रोझा, जी तिसऱ्या वर्षी विषमज्वरानं गेली. “तिचा आवाज वर्षभर कोणाले देल्ला नाई,” आई म्हणाली. “मी म्हटलं नाही कोणाले. मोकळा नाई, एवढंच सांगतलं.” जिथं आईला पूर्ण नाव, गाव आठवेना, तिथं आम्ही रविवारी दुपारी पळी आणि गंज घेऊन सिस्टर अ‍ॅग्नेसकडे जायचो. प्रश्न विचारला की ती गायींकडे जायची. पण आईनं टोले वाजवले की म्हातारीचा चेहरा बदलायचा, कान टवकारायची आणि धडाधड सांगायची, ही अमुक गावची, हिचा बाप पाव भाजणारा, हिला विंचवाची भीती. दोघी जणी मिळून, एकीला वाचता येत नव्हतं आणि एकीला आठवत नव्हतं, त्यांनी मला छत्तीस सिस्टर दिल्या. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ विद्वान भेटले. एवढं बिनचूक काम मी थोड्यांचं पाहिलं.

छत्तिसाव्या नावाच्या दिवशी मी सिस्टर फिलोमिनांकडे गेले आणि म्हटलं, हा सगळा इतिहास माझ्या आईनं सांगितला आहे, तिचं नाव यादीत घालू या. पहिल्या वर्षापासून आहे ती. आणि विजेची घंटा आली की तिला भांडी घासायला भांड्यांवर टाकणार असंही ऐकते आहे, मग निदान नाव तरी राहील. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. “शीला, यादी सिस्टर्सची आहे. तुझी आई चांगली बाई. पण एक नाव घेतलं की माळी, ड्रायव्हर, स्वैपाकीण, सगळे येतील. रूल म्हणजे रूल.” मी रागानं लाल होऊन घरी आले. आईला सांगितलं तर ती भांडं घासता घासता म्हणाली, “कायले पाहिजे नाव? नाव का भाजीत टाकता येते?” बाबा तिकडून ओरडले, “पाहिजे नाव! पंचवीस साल घंटा देल्ली तिनं!” वस्तीभर झालं. आई उठून आत गेली. त्या दिवसापासून मला त्या पुस्तकात एकच नाव हवं होतं, बाकी पुस्तक गेलं उडत.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. बारा घरांपैकी अकरा भरली होती. चार-दोन रिकामं होतं. मी आईला विचारलं, तर म्हणाली, “थो रिकामाच हाये.” पण मी काय कच्ची नव्हते. ज्या वर्षी घरात सिस्टर जास्त झाल्या त्या वर्षी चार-तीन हा लांबलचक आवाजसुद्धा देऊन झाला होता. मग त्याच्या अलीकडचा चार-दोन सोडून चार-तीन का? पुन्हा विचारलं तर आई सरळ पाणी भरायला निघून गेली, आणि पाणी सकाळीच भरलेलं होतं. आमच्या वस्तीतल्या तेलाच्या दुकानात एक जुनी कंडी पिकलेली होती, की फार वर्षांमागे एक सिस्टर रेल्वेच्या गार्डबरोबर पळून गेली. मी दोन अधिक दोन केले. चार-दोन म्हणजे तीच. नाव गाळलं, आवाज कुणाला दिला नाही, सिस्टर रोझासारखा, पण लाजेनं. मी कच्च्या मसुद्यात ठसक्यात लिहूनही टाकलं: ‘एका भगिनीने संस्थेचा त्याग केला. तिचा उल्लेख संस्थेने कायमचा पुसला.’ स्वतःला फार मोठी इतिहासकार समजत होते मी. पंधरा वर्षांची.

फक्त नाव तेवढं हवं होतं. म्हणून एका रविवारी आई बाजारात गेलेली पाहून मी गंज आणि पळी उचलली आणि एकटीच सिस्टर अ‍ॅग्नेसकडे गेले. म्हातारी घड्या घालत होती. आधी सवयीचा तीन-एक वाजवला. “ल्युसिया,” ती हसून म्हणाली, “गटारात पडली.” मग मी चार वाजवले, थांबले, दोन वाजवले. तिच्या हातातलं कापड मांडीवर राहिलं. ती माझ्याकडे पाहिनाच. मागच्या स्वैपाकघराच्या दाराकडे पाहू लागली, आणि म्हणाली, “येऊन राहिली का अनुसया?”

मी म्हटलं, सिस्टर, आईचं नाही विचारत मी. चार-दोन कुणाचा?

“हव ना, चार-दोन. माह्या अनुसयाचा,” ती म्हणाली, मी मंद असल्यासारखी. मग तिनं सांगितलं, आणि त्या दिवशी एकही गाय मधे आली नाही. पहिल्या वर्षी आई सोळा वर्षांची, पाणी भरायला ठेवलेली. दवाखान्यात मलमपट्टीला, कोठीत, विहिरीवर, सगळीकडे तीच. व्हरांड्यातून कुणी ना कुणी ‘ए पोरी’ म्हणून ओरडायचं. मदरला ते खपेना. ती म्हणाली, या घरात ज्याला काम आहे त्याला आवाज आहे, ‘ए पोरी’ कुणाला म्हणायचं नाही. आणि तिनं आईला चार-दोन दिला. पाचवा आवाज. चार सिस्टर आणि पाचवी आई. “मी वाजवो, तशी पळत ये,” सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणाली. “पायात चप्पल नाई, हात ओले. लय चांगली पोरगी. तू तिची कोण?”

मी गंज तिथंच विसरून घरी पळाले. आई बाजारातून आली, पिशवीत वांगी, आणि मी दारातच विचारलं, चार-दोन तुझा आहे हे का नाही सांगितलंस? आई पिशवीसकट खाली बसली. मला वाटलं होतं ती हसेल. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. “सालभरात मदर गेली,” ती हळू म्हणाली, “मग दुसरी मदर आली. थे म्हणे, घंटेचा आवाज सिस्टरायलेच. तवा घंटा माह्याच हातात आली होती. मोकळे आवाज कोणते म्हणून नवी मदर विचारे, तं मी सगळे सांगो. चार-दोन नाई सांगे. हर बारी नाई सांगे. चोरूनच ठेवला ना मी, पोरी. सिस्टरायचा होता थो.” मग वांगी काढून एकेक खाली मांडत म्हणाली, “आन ठेवून तरी काय? घंटा मीच देतो. स्वतःले स्वतः कोण बोलावते?”

चोवीस वर्षं. चोवीस वर्षं ती दोरी तिच्या हातात होती, दिवसातून वीस वेळा तिनं दुसऱ्यांना बोलावलं, आणि आपला आवाज एकदाही वाजवला नाही. वाजवला असता तर कुणाला कळलंही नसतं. मी त्या दिवशी पोटभर रडले, आणि आईला मिठी मारायची सोडून तिच्यावरच चिडले, कारण मला तेवढंच येत होतं. तिनं मला शपथ घालायचा प्रयत्न केला की हे कुठं लिहायचं नाही. मी शपथ घेतली नाही. घेऊन मोडण्यापेक्षा न घेतलेली बरी, हे मला सिस्टरांनीच नीतिशिक्षणाच्या तासाला शिकवलं होतं.

पळून गेलेल्या भगिनीचं वाक्य मी इतकं खोडलं की कागद फाटला. नवीन पान घेतलं. छत्तीस नावं, प्रत्येकीपुढे तिचा आवाज. आणि सदतिसावी ओळ: ‘चार-दोन. अनुसयाबाई. पहिल्या वर्षापासून.’ सोबत सिस्टर अ‍ॅग्नेसनं सांगितलेली हकीकत, जशीच्या तशी. सिस्टर फिलोमिनांनी ती उभ्यानं वाचली. मग बसून पुन्हा वाचली. मी म्हटलं, “सिस्टर, तुम्ही म्हणालात माळी येईल, ड्रायव्हर येईल. येऊ द्या. पण मदरनं आवाज हिला दिला होता. रूल त्यांचाच आहे.” पंधरा वर्षांच्या पोरीनं मुख्याध्यापिकेला असं बोलावं, ते दिवस तसे नव्हते. सिस्टरांनी कागद फाइलीत ठेवले, फीत बांधली, आणि म्हणाल्या, “मी बघते.” नागपुरात ‘मी बघते’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मी बाहेर येऊन कडुलिंबाला लाथ मारली.

समारंभाच्या दिवशी मैदानात मंडप. पुढे बिशपसाहेब, पालक, गावातली मोठी माणसं. मागे स्वैपाकघरात वडा-भाताचा घाट, आणि त्यावर आई. सकाळची घंटा तिनं नेहमीसारखी दिली. शेवटची आहे असं तिच्या हातावरून कुणाला कळलं नसतं. दांडा नीट पुसून कोनाड्यात ठेवला आणि डाळ वाटायला गेली. इतिहास वाचायला मी मंचावर. हातात माझीच हस्तलिखित पानं. स्मरणिकांचे गठ्ठे टेबलावर अजून सुतळीनं बांधलेले. आत काय छापलं आहे हे मला माहीत नव्हतं. मी ल्युसिया वाचली, मोनिका वाचली, गटाराला हशा मिळाला, रोझा वाचली. छत्तिसाव्या नावाशी आले आणि थांबले. पुढची ओळ वाचली तर सिस्टरांचा हुकूम मोडतो, नाही वाचली तर आईचं नाव राहून जातं. मी मान वर केली तर सिस्टर फिलोमिना माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या खाली उतरून सिस्टर अ‍ॅग्नेसला दंडाला धरून चालवत होत्या, व्हरांड्याकडे, सावकाश, इस्त्रीच्या घडीची पर्वा न करता.

पितळी घंटेचे चार टोले पडले. थोडं थांबून दोन.

मंडपात कुणाला काही कळलं नाही. लोक घड्याळं बघू लागले. आणि स्वैपाकघराच्या दारातून आई पळत आली. अनवाणी, हात डाळीनं भरलेले, पदर खोचलेला, चाळिशी ओलांडलेली बाई सोळा वर्षांच्या पोरीसारखी पळत मैदान ओलांडून व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिनं मंडप पाहिलाच नाही. धापा टाकत म्हणाली, “काय पाहिजे, सिस्टर?”

“काही नाई वं,” सिस्टर अ‍ॅग्नेस दोरी धरून म्हणाली. “तूच पाहिजे.”

तेव्हा मी सदतिसावी ओळ वाचली. माझा आवाज बाबांवर गेलेला आहे, तो त्या दिवशी कामी आला. बाबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांना ऐकू आलं, आणि ते उठून उभे राहिले, आणि मग मराठी विभागाच्या सगळ्या पोरी उभ्या राहिल्या, कारण रोज तिच्याच घंटेवर त्या उठत-बसत आलेल्या. बिशपसाहेबांचं बटण त्यानंतर दाबलं गेलं, घंटा किर्रर वाजली, टाळ्या पडल्या. त्याबद्दल मला फारसं आठवत नाही.

जेवणं झाल्यावर सिस्टर फिलोमिनांनी सुतळी कापली आणि पहिली स्मरणिका आईच्या हातात दिली. आईनं हात पुसले, मला जवळ घेतलं आणि विचारलं, “कुठं हाये?” मी पान काढून तिचं बोट यादीच्या तळाशी नेऊन ठेवलं. छापलेलं होतं. सदतीस. आई बराच वेळ बोट तसंच ठेवून बघत होती. मग तिनं बोट उचललं, वर पहिल्या ओळीपर्यंत नेलं, आणि सगळ्या नावांवरून सरकवत पुन्हा खाली आणलं. नाव भाजीत घालता येत नाही म्हणणारी माझी आई, सिस्टर फिलोमिनांच्या देखत, मला म्हणाली, “मी तं पहिल्या सालची. मले शेवटी काहून टाकलं?”

सिस्टर फिलोमिना खळाळून हसल्या. शाळेत त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. आईला भांड्यांवर टाकलं नाही. विजेचा भरवसा आपल्याकडे कसा असतो ते सांगायला नको, तेव्हा रुळाचा तुकडा आणि आई दोन्ही पुढे बरीच वर्षं कामावर राहिली. मी शिकले, त्याच शाळेत शिक्षिका झाले, मराठी विभागाची प्रमुख झाले. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली तेव्हा इतिहासाचं पान माझ्या टेबलावर होतं आणि मला कुणाला विचारायचं नव्हतं. माळी, ड्रायव्हर, स्वैपाकिणी, सगळे आले त्यात, सिस्टर फिलोमिनांनी भाकीत केल्याप्रमाणे. पहिली प्रत घेऊन मी घरी गेले. आईचे डोळे अधू झाले होते, कानही. मी स्टीलच्या ताटावर चमच्यानं चार आणि दोन वाजवले. ती आतल्या खोलीतून भिंतीला धरून आली. खुर्चीत बसली, पान समोर घेतलं आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवून मोजू लागली, एक, दोन, तीन, चार. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

“हे मीच का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो.

“आता बराबर हाये,” ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढायला उठली.